लाडांच्या घराचं बुजलेलं गोमुख

फार वर्षांपूर्वी, बोरखेडच्या पेठेत सगळी मातीची धाब्याचीच घरं होती, तेव्हा गंगाजीशेट लाडांनी तीन मजली घर बांधायला काढलं. बांधणारा होता सुभाना बेलदार. त्याने दोन दगडांत घेतलेला सांधा मुंगीलासुद्धा सापडायचा नाही, असं म्हणतात.

आज तुम्ही तिकीट काढून ते घर बघता. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, कोरीव तुळया बघून वा वा करता. खरी कारागिरी तुम्हाला दिसतच नाही. छपराचं पाणी भिंतींच्या पोटातल्या खापरी नळांतून उतरतं आणि चौकाखालच्या टाक्यात साठतं. बारा वर्षं पाऊस पडला नाही तरी ते टाकं आटणार नाही, असं म्हणतात.

सुभानाने शेटजींकडे एकच मागणं मागितलं होतं. रस्त्याकडच्या जोत्यात दगडी गोमुख बसवायचं आणि टाक्यातलं पाणी बेलदार आळीला द्यायचं. आळीतल्या बाया कोसभर चालून नदीत झिरे उकरायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. शेटजी हो म्हणाले. घर उभं राहीपर्यंत सगळेच शेटजी हो म्हणतात.

वास्तुशांत झाली आणि शेटजींनी सुभानाला बोलावलं. "ते गोमुख बुजवून टाक. तुमच्या घागरी लागल्या की आमचं पाणी विटाळतं. जमत नसेल तर आळी उठव, जागा माझी आहे."

सुभाना खाली मान घालून घरी आला. त्याची बायको हौसा शहाणी होती. ती म्हणाली, "बुजवा की. पर सांधा कच्चा ठिवा. एका पावसाळ्यात दगुड आपसूक सुटंल, कुनाला कळायचं बी न्हाई."

"माझ्या हातनं कच्चं काम व्हनार न्हाई," सुभाना म्हणाला.

मेल्याचा अभिमान बघा! शेटजींनी शब्द मोडला, बायको पदर पसरून विनवतेय, आणि याला आपल्या हाताची अब्रू पडली होती. त्याने चुन्यात गूळ घातला, बेलफळाचं पाणी घातलं, आठ दिवस चुना मळला. गोमुख काढून तिथे दगड बसवला. तो असा बसला की गोमुख कुठे होतं ते दुसऱ्या दिवशी त्याचं त्यालाच सांगता येईना, असं म्हणतात.

पुढची दोन वर्षं पाऊस पडला नाही. झिरे आटले. आळीतली लेकरं त्या भिंतीला कान लावून आतलं पाणी ऐकत बसायची. हौसा तापाने पडली आणि पाणी पाणी करत गेली.

तेव्हा सुभाना छिन्नी घेऊन निघाला. शेटजींच्या माणसांनी त्याला अडवलंसुद्धा नाही, ती ओट्यावर बसून हसत होती. सात दिवसांत सात छिन्न्या मोडल्या. सांधा सापडला नाही. आठव्या दिवशी भिंतीला कपाळ टेकून तो तिथेच मेला, आणि त्या दगडातून खारं पाणी पाझरलं, असं म्हणतात. मला हे पटत नाही. त्या भिंतीने कधी कुणाला खारंसुद्धा पाणी दिलेलं नाही.

आता घर संरक्षित आहे. दारावरच्या पाटीवर लाडांचं नाव आहे. गोमुख उघडा, म्हणून आळीने अर्ज केला, तेव्हा साहेब लोक आले, त्यांनी भिंत ठोकून पाहिली. म्हणाले, "इथे सांधाच नाही, तर गोमुख होतं कशावरून? आणि आता या दगडाला छिन्नी लावणं गुन्हा आहे."

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं गाव पितरांच्या नावाने भरलेली घागर देतं. बेलदार आळी सुभानाच्या नावाने त्या भिंतीपाशी रिकामी घागर नेते. नेणारे त्याच्याच वंशातले. शेटजींना कुणी शिवी देत नाही.

गेल्या आखितीला मी आळीतल्या चंद्राबाईंना म्हटलं, "आत्या, एवढी वर्षं झाली. घोटभर पाणी घाला की त्याला."

"त्यानं हौसाला घातलं व्हय?" असं म्हणून त्यांनी घागर उपडी घातली आणि घरी गेल्या.