गळ्यापर्यंत पुरलेली रोपं

एका थंड डोंगराळ गावात धुरपा नावाची एक उतावळी माळीण राहायची. तिला स्वतःची जमीन नव्हती. पण देवळामागचा मळा पाटील दरसाल एकालाच कसायला देत, ज्याची टोमॅटोची रोपं सगळ्यांत सरस त्याला. यंदा तो मिळवायचाच, असा धुरपानं चंगच बांधला.

बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून सगळे घरातच खिडकीशी बी लावत. धुरपानं करवंट्यांत माती भरून बी टाकलं आणि सरळ चुलीमागं उबेला ठेवलं. सहाव्या दिवशी पाहते तर काय, इवलाले कोंब! "अगंबाई, आली गं आली!" पिठाच्या हातांनीच ती गल्लीभर सांगत सुटली. महिन्याभरात रोपं वीतभर झाली! बाकीच्यांची चार बोटांवरच होती. धुरपाचे पाय जमिनीवर ठरेनात.

शेजारची कोंडाई बघायला आली. तिनं एका रोपाला बोट लावलं, तर ते आडवंच झालं.

"पोरी, इथं ऊब आहे, पण उजेड कुठाय? उजेडासाठी ताणलीत बिचारी. देठ बघ, नुसता दोरा! शेंड्याची पानं वर ठेव आणि बाकी देठ मातीत पूर. टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात."

"पुरू? मावशी, पंधरा दिवसांनी पाटील येणार! सगळ्यांत उंच माझी, तीच बुटकी करू?"

"मग बांध काड्यांना आणि दाखव उंची. मळ्यात वारा सुटला की काय करशील?"

धुरपा रडकुंडीला आली. काड्याही हातात घेतल्या तिनं. पण तिला मळा पिकवायचा होता. तिनं काड्या टाकल्या, खोल मडकी भरली आणि एकेक रोप गळ्यापर्यंत पुरून खिडकीत ठेवलं.

"वीतभराची बोटभर झाली की हो!" गल्ली खदखदून हसली. हसणाऱ्यांचं काय जातंय!

पाटील आले. प्रत्येकाचं एक रोप त्यांनी मातीसकट काढून पाहिलं. धुरपाचं मडकं उलटं केलं आणि बघतच राहिले. देठभर पांढरीशुभ्र मुळं, मातीचा कण सुटत नव्हता!

"मळा तुझा, पोरी."

धुरपानं अशी काही आरोळी ठोकली, की देवळावरची कबुतरं उडाली. "मावशे, खुरपं आण! मळ्यात आणखी खोल पुरू!"

तात्पर्य: मिरवायची उंची जो वेळीच मातीत पुरतो, त्याची मुळं घट्ट रुजतात.