झुमकी विसरली म्हणून

एक होती खार. तिचं नाव झुमकी.
पाठीवर पट्टे तीन. शेपूट झुबकेदार. आणि डोकं? डोकं एकदम विसरभोळं!
खाऊ ठेवायची, कुठे ठेवला ते विसरायची. फिरायला निघायची, कुठे निघाली ते विसरायची.

एकदा झुमकीला शेंग मिळाली. भुईमुगाची शेंग. घरी होती दोन पिल्लं. भुकेली. चीं चीं, चीं चीं करत होती.
"आज मुळीच विसरायचं नाही," झुमकी म्हणाली. "शेंग घ्यायची. थेट घरी जायचं."
निघाली तुरुतुरु. वाटेत कान खाजला. शेंग ठेवली दगडावर. कान खाजवला खरखर, खरखर.
आणि शेंग विसरली! वळली गर्रकन. शेपटीचा बसला फटका. शेंग उडाली टुणुक! दगडाखाली गेली सर्रकन!
झुमकीने पंजा घातला. पोचेना. नाक घातलं. मावेना.

झुमकी म्हणाली, "दगडा दगडा, बाजूला सरक!"
दगड म्हणाला, "मी नाही सरकत जा! बकरीने ढुशी दिली तर सरकेन."

झुमकी गेली बकरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"बकरी बकरी, ढुशी दे!
दगड काही सरकत नाही,
माझी शेंग मिळत नाही!"
बकरी म्हणाली, "मी नाही ढुशी देत जा! पोट माझं रिकामं. गवत हिरवं झालं तर देईन."

झुमकी गेली गवताकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.
"गवता गवता, हिरवं हो!
बकरी ढुशी देत नाही,
दगड काही सरकत नाही,
माझी शेंग मिळत नाही!"
गवत म्हणालं, "मी नाही हिरवं होत जा! वाळून झालोय काडी. शेवंतामावशीने पाणी ओतलं तर होईन."

शेवंतामावशी होती विहिरीवर. झुमकी निघाली तुरुतुरु. मध्येच थांबली. "कुठे बरं निघाले होते मी? झाडावर? घरी? हां, आठवलं! विहिरीवर!"
"मावशी मावशी, पाणी ओत!
गवत हिरवं होत नाही,
बकरी ढुशी देत नाही,
दगड काही सरकत नाही,
माझी शेंग मिळत नाही!"
शेवंतामावशी म्हणाली, "आत्ता कुठलं पाणी गं बाई! माझी लेक मैना रुसलीय. कडेवरनं खाली उतरत नाही. ती हसली तर ओतीन."

कडेवर होती मैना. गाल फुगलेले. ओठ बाहेर.
"मैना मैना, हस ना!
मावशी पाणी ओतत नाही,
गवत हिरवं होत नाही,
बकरी ढुशी देत नाही,
दगड काही सरकत नाही,
माझी शेंग मिळत नाही!"
मैना म्हणाली, "मी नाही हसत जा! मला जांभूळ पाहिजे. जांभूळ दिलंस तर हसेन."

आता जांभूळ कुठलं आणायचं? गावात तर जांभळाचं झाडच नव्हतं!
झुमकी निघाली. पिल्लं आठवली. डोळ्यांत पाणी आलं. चालता चालता वाट विसरली. उजवीकडे वळायचं, डावीकडे वळली. ओढ्याकाठी गेली, आणि... धप्प!
डोकं आपटलं झाडावर. वर पाहिलं. जांभळंच जांभळं! काळी काळी! टपोरी टपोरी!

"झाडा झाडा, जांभूळ दे!
मैना काही हसत नाही,
मावशी पाणी ओतत नाही,
गवत हिरवं होत नाही,
बकरी ढुशी देत नाही,
दगड काही सरकत नाही,
माझी शेंग मिळत नाही!"

झुमकीने डोळे घट्ट मिटले. आता झाड म्हणणार, मी नाही देत जा!
पण झाड म्हणालं, "देतो की! तुला नाही देणार, तर कुणाला देणार?"
झुमकीने एक डोळा उघडला. "मलाच का?"
"अगं, तूच लावलंस मला! लांबून बी आणलंस. इथे पुरलंस. नंतर खाईन म्हणालीस, आणि विसरलीस!"
झुमकीची शेपूट पडली खाली. "विसरले असेन. मी विसरतेच."
"बरं झालं विसरलीस! आठवलं असतं, तर खाऊन टाकलं असतंस. विसरलीस, म्हणून मी उगवलो. बघ केवढा झालो!"
झुमकीने पाहिलं. खाली खोड. वर फांद्या. फांद्यांवर पोपट. सावलीत दोन वासरं.
"हे सगळं... माझ्यामुळे?"
"तुझ्यामुळे!"
झुमकीची शेपूट झाली वर. मान झाली ताठ.
झाड हललं. टप! टप! टप टप टप!

झुमकीने जांभूळ दिलं. झाडाची गोष्टही सांगितली. मैना हसली खुदुखुदु. जीभ झाली जांभळी!
मैना हसली, मावशीने पाणी ओतलं. बदाबद, बदाबद!
पाणी आलं, गवत हिरवं झालं. सळसळ, सळसळ!
गवत खाल्लं, बकरीने ढुशी दिली. धाडकन!
ढुशी बसली, दगड सरकला. गडगड, गडगड!
आणि खाली होती... शेंग!

झुमकीने शेंग उचलली. थेट घरी नेली. फोडली. कट्ट! दाणे तीन. एक थोरल्याला, एक धाकट्याला, एक आईला.

दुसऱ्या दिवशी मैना ओढ्याकाठी आली. अख्ख्या गावाला घेऊन आली. हात वर करून ओरडली, "हे झुमकीचं जांभूळ! झुमकीने लावलं!"
सगळे म्हणाले, "शाब्बास गं झुमकी!"
वरच्या फांदीवर झुमकी बसली होती. दोन पिल्लांच्या मधोमध. अश्शी ऐटीत!

शेंग गेली पोटात, गोष्ट राहिली ओठात.