डोंगऱ्याचा माज

फार फार वर्षांपूर्वीची, माझ्या आजीच्या आजीनंही दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली ही गोष्ट. तेव्हा हत्ती बोलायचे. आणि माणसं ऐकायचीसुद्धा, कधी कधी.

एका राजाकडे डोंगऱ्या नावाचा हत्ती होता. दसऱ्याला राजाची अंबारी त्याच्याच पाठीवर चढायची. एका लढाईत त्याच्या खांद्यात भाला घुसला. तो असा ओरडे की गावाला झोप नाही. वैद्यबुवांनी गुळाच्या गोळीत अफू घालून दिली. हत्ती निजला, गावही निजलं.

जखम भरली, पण गोळी काही सुटेना. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. डोंगऱ्या दिवसभर पेंगायचा, गवताची पेंढी सोंडेतच राहायची. राजा संतापला. "आजपासून अफू बंद! दसऱ्याला अंबारी पेलली नाही, तर ह्याला रानात सोडून द्या."

झालं. डोंगऱ्या थरथरायला लागला. डोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, पोट ढाळतंय, उभं राहवेना की बसवेना. तडफडत त्यानं खुंटाच उपटला. रायाजी माहूत ओरडला, "पळा! माज आलाय ह्याला!"

हत्ती मस्तीला आला की त्याला माज म्हणतात, बरं का. त्यावर हत्तीखान्यात एकच रीत. चारी पाय साखळदंडात आणि चारा बंद. ती केली.

डोंगऱ्या कण्हत म्हणाला, "रायाजी, माज आला की हत्ती जगाला तुडवतो. इथं माझंच अंग मला तुडवतंय. बघ तरी नीट."

रायाजीनं बघितलं. माजावर आलेल्या हत्तीच्या कानशिलातून मद गळतो. ह्याची कानशिलं कोरडी ठाक! तो धावत वैद्यबुवांना घेऊन आला.

वैद्यबुवा म्हणाले, "गोळी दिली ते बरोबर होतं. सोडवायची राहिली, ते चुकलं. आणि एकदम तोडली, ते त्याहून चुकलं. आधी साखळ्या काढा."

"अफूबाजाचे लाड कशाला?" राजा म्हणाला.

"महाराज, भाल्याची जखम बांधली, तेव्हा नाही म्हणालात लाड!"

राजानं साखळ्या काढायला लावल्या.

मग गोळी पुन्हा सुरू झाली, पण फक्त वैद्यबुवांच्या हातची. लिंबाएवढी, मग आवळ्याएवढी, मग बोराएवढी. डोंगऱ्याला सगळं सांगून, फसवाफसवी नाही. अंग फार मोडलं की गोळी काही दिवस तेवढीच ठेवायची. रायाजी त्याला नदीत बसवून विटेनं पाठ घासायचा. मध्येच एकदा डोंगऱ्यानं कोठीचं दार फोडलं आणि अफू खाल्ली. लोक हसले, "संपला हत्ती!"

"घसरलाय, संपलेला नाही," वैद्यबुवा म्हणाले, आणि पुन्हा धीरानं कामाला लागले.

शेवटी गोळी मिऱ्याएवढी झाली, आणि मग उरलीच नाही.

दसरा उजाडला. झूल चढली, अंबारी चढली, राजा बसला. तेवढ्यात डोंगऱ्याचा जुना दोस्त, एक भालदार, पहिल्यासारखी मोठी गोळी घेऊन पुढं आला. "घे गड्या, सणाचा दिवस! एकीनं काय होतंय?"

रायाजी किंचाळला, "अरे मूर्खा! त्याच्या अंगाला आता ती सवय राहिली नाही. जुन्या मापाची गोळी गेली तर श्वास थांबेल त्याचा!"

डोंगऱ्यानं गोळी सोंडेत घेतली. हुंगली. वाजंत्रीसुद्धा थांबली.

मग त्यानं ती खाली ठेवली, पायानं मातीत चिरडली आणि मान वर करून चालायला लागला. अंबारी डुलली, पण तसूभर कलली नाही.

राजा वरून म्हणाला, "काय रे, माज आला का?"

"आला, महाराज. पण हा कमावलेला आहे. ह्याला साखळदंड नको."

राजा इतका हसला की त्याचा डोक्यावरचा मंदील सरकला. त्या दिवसापासून तिथल्या हत्तीखान्यात साखळी उचलण्याआधी कानशील बघतात.

तर लहानांनो आणि थोरांनो, नशेत अडकलेल्याला दंड नव्हे, औषध आणि सोबत द्यावी, आणि त्यातून जो बाहेर आला त्यानं मान ताठ ठेवूनच चालावं.