मातीचा प्याला

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. डोंगराच्या पायथ्याशी ते गाव होतं आणि गावात ख्रिस्ती मंडळीचं एक लहानसं देऊळ होतं.

तिथली एक रीत आधी समजून घ्या. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचा एकच चांदीचा प्याला फिरायचा आणि तो कुणी आपल्या हाताने प्यायचा नाही. शेजाऱ्याने तो ओठांना लावायचा आणि म्हणायचं, "घे, हे तुझ्यासाठी." मग पिणाऱ्याने पुढच्याला पाजायचं. अहो, त्या रीतीने गावातली भांडणंसुद्धा मिटायची. ज्याच्याशी बांधावरून भांडलात त्याच्याच हातून प्यायचं म्हटल्यावर किती दिवस तोंड फिरवून बसाल?

मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, मनाने फार चांगले. फक्त एक खोड होती. कुणी आवाज चढवला की ते माघार घ्यायचे.

त्या काळी मुलखात रक्तातला एक आजार आला. आज एड्सचं नाव निघालं की कशी कुजबूज सुरू होते? तसलाच तो आजार. नदीपलीकडच्या वैद्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं, "बाबांनो, शेजारी बसून, एका ताटात जेवून, एका प्याल्यातून पिऊन हा होत नाही. रोज काढा घ्या, नातवंडं खेळवाल. फक्त लपवू नका." पण ऐकतंय कोण!

गावात दीनाबाई नावाची एक विधवा होती. कपडे शिवून पोट भरायची. तिचा नवरा याच आजाराने गेला आणि जाताना तिलाही तो देऊन गेला. तिने काही लपवलं नाही. उघडपणे काढा सुरू केला. झालं! मंडळीचे पंच पाळकांच्या दारात हजर.

"पाळकबाबा, ती ज्या प्याल्यातून पिणार त्यातून आमची लेकरं पिणार नाहीत," थोरले पंच कडाडले. "पापाची फळं ज्याची त्याने भोगावीत."

"पण वैद्य तर म्हणतात की..." पाळक पुटपुटले.

"वैद्यांचं राहू द्या. ती येणार असेल तर आम्ही येणार नाही."

मंडळी फुटली तर काय, या धास्तीने पाळकांनी मधला मार्ग काढला. कुंभाराकडून दीनाबाईसाठी मातीचा एक वेगळा प्याला आणला आणि तिला दाराजवळ एकटीची जागा दिली. आपण फार शहाणपणाने निभावलं, असंच त्यांना वाटलं. जेवताना त्यांनी ते आपल्या एकुलत्या एक मुलाला, अमोसला, सांगितलंही. अमोस अर्ध्या ताटावरून उठून गेला.

रविवार उजाडला. प्रभूने कुष्ठरोग्याला हात लावून बरं केलं, यावर पाळकांनी उपदेश केला. काय बोलले म्हणता! बायकांनी पदराने डोळे पुसले. मग चांदीचा प्याला ओळीओळीने फिरला. मातीचा मात्र मेजावर तसाच भरलेला राहिला. शेजाऱ्याने पाजायची रीत, आणि दीनाबाईला शेजारीच ठेवला नव्हता.

पाळकांनी एकदा प्याल्याकडे पाहिलं, एकदा पंचांकडे पाहिलं आणि घाईघाईने आशीर्वाद देऊन टाकला.

दीनाबाई उठली. दारातून वळून म्हणाली, "बाबा, नवरा गेला तेव्हाही इतकं एकटं वाटलं नव्हतं हो मला."

त्यानंतर ती देवळात आली नाही. गावाचा जीव भांड्यात पडला.

वर्ष उलटलं. अमोस दिवसेंदिवस वाळत चालला. ताप हटेना, अन्न जाईना. विचारलं की म्हणायचा, "काही नाही, बाबा." शेवटी त्याने अंथरूण धरलं तेव्हा पाळक धावत जाऊन वैद्यांना घेऊन आले. वैद्यांनी नाडी पाहिली आणि मान खाली घातली. "तोच आजार आहे. फार उशीर केलात."

"अरे पोरा," पाळकांना हुंदका आवरेना, "मला का नाही रे सांगितलंस?"

"सांगणार होतो, बाबा. वैद्यांकडे बरोबर चला म्हणणार होतो. त्याच दिवशी जेवताना तुम्ही म्हणालात, दीनाबाईंसाठी प्याला आणलाय. मला वाटलं, आता तुम्हाला दोन आणावे लागतील."

थोड्याच दिवसांत अमोस गेला.

त्याच्या देहाला अंघोळ घालायला कुणी पुढे होईना. पंच अंगणातच घुटमळत राहिले. तेवढ्यात दीनाबाई आली. तिने पदर खोचला, पाणी तापवलं. पाळक तिच्यापुढे कोसळलेच. "बाई, माझ्या भित्रेपणाने माझं लेकरू गेलं!"

"आधी त्याला न्हाऊ घालू, बाबा," ती म्हणाली. "मग रडू दोघं."

पुढच्या रविवारी पाळक दीनाबाईला घेऊन देवळात आले आणि मेजापाशी न जाता दाराजवळ तिच्या शेजारी उभे राहिले. या वेळी ते मागे हटले नाहीत.

"मंडळी, आपण स्वतःला प्रभूचं शरीर म्हणवतो. मग हा आजार प्रभूच्या शरीरात आहे. दीनाबाईला बाहेर बसवलं तेव्हा आपण कुणाला बाहेर बसवलं? माझ्या मुलाच्या आजारावर औषध होतं. माझ्या भीतीवर नव्हतं. त्या भीतीने त्याला मारलं."

मग त्यांनी मेजावरचा चांदीचा प्याला आणून दीनाबाईच्या हातात दिला आणि तिच्या हातून प्यायले.

 तेवढ्यात बायकांच्या ओळीतून एक तरुणी उठली. थोरल्या पंचांची धाकटी सून. 

"मलाही आहे," ती म्हणाली. "वैद्यांकडे जायला माझ्याबरोबर कुणी येईल का?"

सगळ्यांच्या नजरा थोरल्या पंचांवर खिळल्या.  ते काठी टेकत उठले, सुनेपाशी गेले आणि म्हणाले, "चल पोरी. आत्ताच निघू."

ती सून जगली आणि नातवंडं खेळवून म्हातारी झाली. अमोस मात्र डोंगराच्या पायथ्याशी मातीत निजला आहे.

लहानथोरहो, एवढं ध्यानात धरा: आजाऱ्याला जो दूर बसवतो, तो आजाराला आपल्याच घरात लपायला जागा देतो.