गुंडीला हवेत मक्याचे दाणे

एक होती गुंडी. गुंडी म्हणजे कुत्रीचं पिल्लू. इवलंसं, तपकिरी, गोल गोल. म्हणून तिचं नाव गुंडी.

गुंडी राहायची भिवाकाकांच्या अंगणात. एके दिवशी भिवाकाकांनी शेतातून गोड मका आणला. पाटीभर कणसं. त्यातलं एक घरंगळलं. गडगड गडगड. थेट गुंडीच्या नाकापाशी.

गुंडीनं हुंगलं. फूं फूं. वास गोड होता. गुंडीनं कणीस तोंडात धरलं आणि ती पळत सुटली. दुडुदुडु, दुडुदुडु.

फाटक होतं अरुंद. कणीस होतं आडवं. खट्. गुंडी फाटकात अडकली.

मागून भिवाकाका आले. त्यांनी कणीस काढून घेतलं.

"गुंडे, हे नाही चालायचं. कणसाच्या आत दांडा असतो. दांडा गिळला, तर पिल्लाच्या पोटात अडकतो. तू दाणे खा. नुसते दाणे."

असं म्हणून काकांनी कणीस उंच कट्ट्यावर ठेवलं. मग ते खाटेवर आडवे झाले. घुर्र घुर्र.

कणीस वर. गुंडी खाली. गुंडीनं उडी मारली. टुण्. पोचली नाही. पुन्हा उडी मारली. टुण्. बदकन पडली. गुंडीला आला राग. रागारागानं ती अंगणभर फिरली. मग लागली भूक.

गुंडी गेली कोंबडीकडे. दुडुदुडु, दुडुदुडु.

"कोंबडीताई, कोंबडीताई, दाणे काढून दे ना."

"पक् पक्. कच्चे दाणे कडक. पिल्लाला पचत नाहीत. आधी चूल कणीस उकडेल, मग मी दाणे काढीन."

गुंडी गेली चुलीकडे. दुडुदुडु, दुडुदुडु.

"चूलबाई, चूलबाई, कणीस उकडून दे ना. कोंबडी दाणे काढेना. मग गुंडीनं खायचं काय?"

चुलीनं जांभई दिली. भस्स. गुंडीच्या नाकावर राख उडाली. आक्‌छी.

"माझं पोट रिकामं आहे, गं. आधी कावळा काटक्या देईल, मग मी कणीस उकडीन."

गुंडी गेली कावळ्याकडे. दुडुदुडु, दुडुदुडु. कावळा बसला होता शेवग्यावर. चोचीनं पंख विंचरत होता.

"कावळेदादा, कावळेदादा, काटक्या दे ना. चूल कणीस उकडेना, कोंबडी दाणे काढेना. मग गुंडीनं खायचं काय?"

"काव काव. काटक्या आहेत माझ्याकडे. छान वाळलेल्या. पण त्या खाली पडल्या आणि त्यांच्यावर बकरी बसली. आधी बकरी उठेल, मग मी काटक्या देईन."

गुंडी गेली बकरीकडे. दुडुदुडु, दुडुदुडु.

"बकरीमावशी, बकरीमावशी, जरा ऊठ ना. कावळा काटक्या देईना, चूल कणीस उकडेना, कोंबडी दाणे काढेना. मग गुंडीनं खायचं काय?"

"बें. मी नाही उठत."

"मी शेपूट ओढू?"

"ओढून तर बघ."

गुंडीनं बकरीची शिंगं पाहिली. गुंडीनं शेपूट ओढली नाही.

"कणसावर हिरवी पानं असतात," बकरी म्हणाली. "मला ती फार आवडतात. आधी भिवाकाका पानं सोलतील, मग मी उठेन."

गुंडी गेली भिवाकाकांकडे. दुडुदुडु, दुडुदुडु. काका जागे झाले होते. खाटेवर पाय वर घेऊन बसले होते.

"भिवाकाका, भिवाकाका, पानं सोला ना. बकरी उठेना, कावळा काटक्या देईना, चूल कणीस उकडेना, कोंबडी दाणे काढेना. मग गुंडीनं खायचं काय?"

"सोलली असती, बाळा. पण ऊन बघ किती. जमीन तापलीय. आणि माझी एक चप्पल कुठे सापडत नाही. आधी चप्पल सापडेल, मग मी पानं सोलीन."

गुंडीनं आभाळाकडे पाहिलं. गुंडीनं कान खाजवला. खर्र खर्र. शेपटी हलायची थांबली.

का बरं?

मघाशी काका झोपले होते. मघाशी गुंडी रागावली होती. आणि गुंडी रागावली, की चप्पल उचलते.

चप्पल होती गवताच्या गंजीखाली. आत, आत, अगदी आत. मऊ मऊ चप्पल. चावायला किती छान. परत द्यायचं तिच्या अगदी जिवावर आलं.

गुंडी मनात म्हणाली, चप्पल सापडेना, काका पानं सोलेनात, बकरी उठेना, कावळा काटक्या देईना, चूल कणीस उकडेना, कोंबडी दाणे काढेना. मग गुंडीनं खायचं काय?

चप्पल? चप्पल गोड नसते.

गुंडी गेली गंजीकडे. हळूच. कुणी बघत नाही ना? तिनं गवत उकरलं. सर्र सर्र. चप्पल ओढली. घस्स घस्स. आणि आणून ठेवली काकांच्या खाटेपाशी.

काकांनी चप्पल उचलली. चपलेचा अंगठा ओला होता. थोडा चघळलेला होता.

"कुणी नेली असेल, गं?" काकांनी विचारलं.

"उंदरानं," गुंडी म्हणाली.

"केवढे मोठे दात या उंदराचे."

"हो ना," गुंडी म्हणाली. "फार वाईट उंदीर."

काका गालात हसले. त्यांनी चप्पल घातली. फटक फटक चालत कट्ट्यापाशी गेले.

मग काय झालं?

चप्पल सापडली, काकांनी पानं सोलली. चर्र चर्र.

काकांनी पानं सोलली, बकरी उठली. बें बें.

बकरी उठली, कावळ्यानं काटक्या दिल्या. टपाटप टपाटप.

कावळ्यानं काटक्या दिल्या, चूल पेटली. काकांनी वर पातेलं ठेवलं, पातेल्यात पाणी ओतलं, पाण्यात कणीस सोडलं. गुडगुड गुडगुड. चुलीनं कणीस उकडलं.

चुलीनं कणीस उकडलं, पण कणीस होतं गरम. वाफ निघत होती. काकांनी फुंकर घातली. फू फू. कोंबडीनं पंख हलवले. फड फड. गुंडीनं पण फुंकर घातली, पण तिच्या तोंडातून नुसती जीभच बाहेर आली.

कणीस गार झालं. कोंबडी दाणे काढू लागली. टक टक टक. एक दाणा वाटीत. एक दाणा चोचीत. एक दाणा वाटीत. एक दाणा चोचीत.

"कोंबडीताई, मी बघतेय हं," गुंडी म्हणाली.

"मी तर चव बघतेय," कोंबडी म्हणाली.

सगळे दाणे निघाले. मधे उरला दांडा. कडक, लांब दांडा. गुंडी त्याच्याकडे बघू लागली. काकांनी दांडा उचलला आणि चुलीत टाकला. दांडा गेला.

मग काकांनी दोन वाट्या घेतल्या. एक मोठी, एक छोटी. मोठ्या वाटीत मीठ, तिखट आणि लोणी. ती काकांची. छोट्या वाटीत नुसते दाणे. ती गुंडीची.

"माझ्यात मीठ नाही?" गुंडीनं विचारलं.

"पिल्लाला मीठ नको."

"तिखट?"

"नको."

"लोणी?"

"तेही नको. मका मुळातच गोड आहे. खाऊन बघ."

गुंडीनं एक दाणा खाल्ला. मच् मच्. मऊ होता. गोड होता. गुंडीची शेपटी हलू लागली. आधी हळू. मग भराभर. मग इतकी जोरात, की गुंडीच सगळी हलू लागली. मच् मच् मच्. सगळे दाणे संपले.

"अजून," गुंडी म्हणाली.

"आज एवढेच," काका म्हणाले. "छोटं पोट, छोटी वाटी."

गुंडीनं वाटी चाटली. वाटी पुढे सरकली. गुंडी पण पुढे सरकली. सुर्र सुर्र. वाटी अंगणभर फिरली, आणि गुंडी वाटीच्या मागे मागे. शेवटी वाटी भिंतीला टेकली. ठण्.

गुंडीनं मान वर केली. नाकाच्या शेंड्यावर एक पिवळा दाणा चिकटला होता.

कोंबडीनं पाहिला. कावळ्यानं पाहिला. दोघं हळूहळू जवळ आले. एक पाऊल. दोन पावलं.

गुंडीनं जीभ बाहेर काढली.

लप्.

वाटी झाली रिकामी, गुंडी झाली गोल, आणि आपली गोष्ट पोटात गेली.