खुर्चीला सांगितलेलं निदान

"सगळी निदानं बरोबर, तरी नापास! हा कुठला न्याय, सर?"

डॉ. निशांत तोडकर दारातूनच बोलत आत आला. पाया पडला, तोही बोलता बोलताच.

घैसास सर टेबलामागे बसले होते. रविवार होता, दवाखाना बंद. मिरजेतले निम्मे डॉक्टर पोट तपासायला या माणसाच्या हाताखाली शिकलेले. निशांत त्यांतला सगळ्यात हुशार, आणि हे त्याला कुणी सांगायची गरज नसे.

"बस. काय झालं?"

झालं होतं ते असं. विलायतेतल्या डॉक्टरांच्या मेंबरशिप परीक्षेचे लेखी पेपर पठ्ठ्यानं पहिल्या झटक्यात काढले. घोडं अडलं ते पेशंट तपासण्याच्या परीक्षेत. समोर खराखुरा पेशंट, बाजूला दोन परीक्षक, हातात मोजकी मिनिटं. घंटा वाजली की पुढचा पेशंट. तिकडची नोकरी या एका परीक्षेवर लटकलेली.

"आणि मार्क कापले कशात, माहितीये? पेशंटशी वागण्यात! हात धुतले, नाव सांगितलं, परवानगी घेतली, कुठे दुखतंय का विचारलं, शेवटी आभारसुद्धा मानले. आता काय, आरती ओवाळायची का त्यांची?"

सर हसले नाहीत.

"मग तो काय म्हणाला?"

"कोण?"

"पेशंट. कुठे दुखतंय का, विचारलंस ना त्याला..."

निशांतनं आठवून पाहिलं. आठवेना.

"म्हणाला असेल काहीतरी. सर, ते जाऊ द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा आहे. मला केसेस हव्यात. मोठं झालेलं लिव्हर, पोटात गोळा, काहीही चालेल. तुमच्या ओळखीचा एखादा पेशंट बोलवा ना."

सर उठले.

चपला काढल्या, तपासणीच्या टेबलावर आडवे झाले आणि शर्टाची बटणं सोडली.

"मला तपास."

"तुम्हाला? तुम्हाला काय झालंय?"

"ते तू सांगायचं. परीक्षक तिकडे बसलेत." सरांनी आपल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "निदान झालं की त्यांना सांग."

निशांतला गंमत वाटली. कॉलेजात सर असेच एखाद्या धडधाकट वॉर्डबॉयला कॉटवर निजवायचे आणि नसलेले रोग शोधणाऱ्या पोरांची फजिती करायचे. आपण काही त्या सापळ्यात सापडायचो नाही, असं म्हणत त्यानं बाह्या सरसावल्या.

हात धुतले.

"नमस्कार. मी डॉक्टर तोडकर. आपलं पोट तपासू का?"

"तपासा."

"कुठे दुखतंय का?"

"हो. जेवल्यावर फार दुखतं. झोप लागत नाही."

"थँक यू," निशांत म्हणाला आणि कामाला लागला.

आधी नखं. मग खालची पापणी ओढून डोळे. तिथे तो जरा थबकला. डोळे पिवळसर होते, नक्कीच. मानेवर बोटं फिरली, गळ्याच्या डाव्या हाडाच्या वरच्या खळगीत आली आणि एका टणक गाठीवर थांबली.

त्याच्या छातीत धडधडलं. भीतीनं नव्हे हो, आनंदानं!

हात पोटावर गेला. पोट दाबताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवायची, हा सरांचाच धडा. निशांतनं नजर अगदी नियमाप्रमाणे ठेवली. बेंबीच्या वर गोळा लागला. उजवीकडे लिव्हर लागलं, दगडासारखं, खडबडीत. पँटचा पट्टा नव्या भोकावर आवळलेला होता, तेही त्यानं टिपलं.

टेबलावरच्या माणसानं ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"थँक यू," निशांत पुन्हा म्हणाला.

तो वळला. सरांकडे पाठ, खुर्चीकडे तोंड, हात मागे बांधलेले. आवाज कसा खणखणीत!

"हे वयस्कर गृहस्थ आहेत. वजन बरंच उतरलंय. डोळ्यांत कावीळ. मानेत डाव्या बाजूला टणक गाठ. बेंबीच्या वर गोळा, लिव्हर मोठं आणि खडबडीत. माझं निदान, जठराचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पसरलेला. ऑपरेशनची वेळ गेलेली आहे. फार तर काही महिने."

खुर्ची काही बोलली नाही.

"क्लासिक केस आहे, सर! अशी केस मिळायला नशीब..."

तुम्ही म्हणाल, इतकं शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये? नाही कळत. परीक्षेनं झपाटलेल्या माणसाला घंटेशिवाय काही ऐकू येत नाही.

पण इथे घंटा वाजली नाही. बाहेरच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

निशांतचे मागे बांधलेले हात सुटले. त्याला वळायचं होतं, मान वळेना. आपण काय बोललो ते आता एकेक शब्द करून त्याच्या कानात परत येत होतं. वजन उतरलंय. फार तर काही महिने. नशीब.

आल्या आल्या त्यानं याच माणसाचे पाय धरले होते. तेव्हा पायांकडे पाहिलं नव्हतं आणि तोंडाकडेही नव्हतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

कसाबसा तो वळला.

सर तसेच पडून होते. शर्ट उघडा.

"सर... माझी चूक झाली असेल. मी पुन्हा बघतो."

"चूक नाही. पूर्ण मार्क."

"नाही सर, कधीकधी हाताला..."

"तुझ्या हाताला मी शिकवलंय, निशांत."

त्याला रडू आवरेना. लाजेनं त्यानं तोंड ओंजळीत झाकून घेतलं. बऱ्याच वेळानं बोटांआडून आवाज आला.

"सर, तुम्हाला... माहीत होतं?"

सर किंचित सरकले. टेबलाच्या कडेला एक माणूस टेकेल इतकी जागा केली आणि तिथे हातानं थोपटलं.

"डॉक्टर घैसासांना केव्हाचं माहीत आहे. या पेशंटला मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही. बस इथे... सांग त्याला."