चाळीस हातांचा दोर

नगरकडच्या माळरानावर चिंचखेडे नावाचं एक लहानसं गाव आहे. पन्नासेक उंबरा, गावाबाहेर टेकाडावर ख्रिस्ती मंडळींचं कौलारू देऊळ आणि देवळापुढं मोठं थोरलं लिंबाचं झाड. त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. अशा कोरड्या दिवसांत शांतवन महाराज हातात वीणा घेऊन पायीच गावात आले. लिंबाखाली त्यांनी घोंगडी अंथरली आणि म्हणाले, "कापणीचा सण होईपर्यंत मुक्काम इथंच."

शांतवन महाराजांचं कीर्तन ज्यानं ऐकलं तो धन्य! आवाज काही फार गोड नव्हता, थोडा घोगराच. पण ख्रिस्तनाथांचं नाव त्यांच्या तोंडून निघालं की ऐकणाऱ्याला वाटायचं, हे माझ्याच घरातल्या कुणाबद्दल बोलताहेत.

त्या गावात थोमा दोरवाला राहत होता. वय अवघं बत्तीस. बापजाद्यांपासून दोर वळायचा धंदा. बाभळींच्या रांगेखाली त्याची वळायची लांबलचक वाट होती. एका टोकाला खुंट, खुंटाला लाकडी फिरकी. बायको मरथा ती फिरकी फिरवायची आणि थोमा कमरेला अंबाडीच्या तंतूंचा वाख गुंडाळून, बोटांनी तो सोडत सोडत, पाठमोरा मागं मागं चालत जायचा. दोरवाल्याचं चालणं असंच असतं. तोंड फिरकीकडं, पाठ वाटेकडं.

पण गेल्या दिवाळीपासून थोमाला खोकला लागला, आणि संक्रांतीला खोकल्यातून रक्त आलं. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं आणि नळी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "थोमा, एवढा उन्हाळा काढशील. पुढचं देवाच्या हाती."

थोमाला मरणाचं भय कमी, दुसरंच दुःख जास्त होतं. त्याला मूलबाळ नव्हतं. जमीन नव्हती. आजवर वळलेले दोर कुणाच्या बैलाच्या गळ्यात, कुणाच्या मोटेला लागून कुजून गेले होते. रात्रंदिवस एकच विचार त्याला कुरतडायचा. आपण आलो काय आणि गेलो काय, मागं राहिलं काय?

त्याच वेळी देवळाच्या आवारात विहीर खणली जात होती. तिचा सगळा भार आमोसशेठांनी उचलला होता. हे आमोसशेठ मंडळीतलेच. दगडी बांधकामाच्या ठेक्यांवर वर आलेला माणूस. हात सढळ, पण जीभ कात्रीसारखी. विहीर पन्नास हात खोल गेली तरी पाण्याचा थेंब नव्हता. तरी विहिरीच्या काठावर बसवायची काळ्या दगडाची पाटी मात्र त्यांनी आधीच कोरून आणली होती. पाटीवर वर क्रूस, आणि खाली क्रुसापेक्षा मोठ्या अक्षरांत शेठचं नाव!

कापणीच्या सणाला मंडळीची एक रीत होती. ज्याच्या हातून जे पिकतं, जे घडतं, त्यातला पहिला वाटा देवळात आणून ठेवायचा. कुणी जोंधळ्याची कणसं आणायचं, कुणी अंडी, कुणी टोपली. आणि तो वाटा अखंड असावा. फुटकं-तुटकं, सांधलेलं देवापुढं ठेवायचं नाही.

थोमानं ठरवलं, हा आपला शेवटचा सण. विहिरीसाठी पन्नास हातांचा तिपेडी दोर वळून द्यायचा. माणूस उतरेल असा.

"अवं, एवढं चालणं व्हायचं न्हाई तुमच्यानं," मरथा म्हणाली.

"तू फिरकी थांबवू नकोस म्हंजे झालं."

पहिला पेड वळताना चाळीस हातांवर त्याला खोकल्याची अशी उबळ आली की तो मटकन खाली बसला. तोंडाला लावलेला पंचा लाल झाला. मरथा फिरकी सोडून धावली. उरलेले दहा हात दुसऱ्या दिवशी जोडता आले असते. पण माणूस उतरवायच्या दोराला सांधा द्यायचा नाही, हा त्याच्या बापाचा नेम, आणि देवाला सांधलेलं द्यायचं नाही, ही मंडळीची रीत. थोमानं मग उरलेले दोन पेडही चाळीस हातांचेच वळले. रोज एक. चौथ्या दिवशी तिन्ही एकत्र पिळले.

सणाच्या सकाळी तो दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढला. आमोसशेठ दारातच उभे होते.

"काय रे थोम्या, चऱ्हाट आणलंस?"

"विहिरीसाठी दोर आणलाय, शेठ."

"किती हात?"

थोमा घुटमळला. "चाळीस."

"आणि विहीर किती?"

शेठ मोठ्यानं हसले. "अरे, विहीर पन्नास हात, दोर चाळीस हात! म्हणजे दहा हातांवर पोहरा लोंबकळत ठेवायचा आणि पाण्याला म्हणायचं, ये बाबा वर? तू आखूड, तुझा दोरही आखूड. अर्ध्यावर संपायचा! मी शहरातनं कारखान्याचा दोर आणवलाय, साठ हातांचा. तुझा हा म्हशीला बांध जा."

चारदोन माणसं हसली. थोमाचे कान तापले. तो मागं वळणार, इतक्यात आतून महाराज आले. त्यांनी दोर आपल्या हातात घेतला, पीळ चाचपून पाहिला.

"थोमा, यातला एक धागा केवढा असतो रे?"

"वाखाचा? हातभर. लई झालं तर दीड हात."

"आणि दोर चाळीस हात! मग या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा धागा यात कुठला?"

"एकबी न्हाई, महाराज. एक संपायच्या आत दुसरा लागतो. पिळात धरून राहत्यात सगळे."

"हातभर धाग्याला कुणी आखूड म्हणून फेकत नाही ना?"

"फेकला तर दोर कशाचा वळायचा?"

महाराज हसले. "ऐकलंत ना शेठ? धाग्यानं आपली लांबी मोजायची नसते. आपण कुणाच्या पिळात आहोत, एवढं बघायचं." त्यांनी दोर स्वतः नेऊन क्रुसाखाली ठेवला. शेठनी नाक मुरडलं. आणि थोमा? तो खाली मान घालून मागच्या भिंतीशी बसला. महाराजांचं बोलणं गोड होतं, पण विहिरीला दहा हात कमी ते कमीच, असं त्याच्या मनात येत राहिलं.

उपासना झाली, जेवणं झाली. दुपारी लिंबाखाली टाळ-मृदंग जमला आणि कीर्तनाला रंग चढला. महाराजांनी नवाच अभंग धरला:

आयुष्य आखूड । हाती ज्याच्या टोक ।
तोचि ख्रिस्त एक । तारी मज ॥
वीतभर धागा । त्याने हाती घ्यावा ।
दोर मग व्हावा । जीवनाचा ॥

शेठचं लक्ष कीर्तनात नव्हतं. आदल्या दिवशी खणकऱ्यांनी सांगितलं होतं की तळाचा खडक ओलसर लागतोय. सणाच्या दिवशी आपल्या हातानं पाणी काढून दाखवलं तर काय बहार होईल! त्यांनी दोन गडी उठवले, कारखान्याच्या दोराला फळी बांधली, तिच्यावर बसून पहार घेतली आणि रहाटावरून खाली उतरले.

थोड्या वेळानं खालून पहारीचे घाव ऐकू येऊ लागले. एक, दोन, पाच. आणि मग एकदम धडाडधूम! विहिरीची एक बाजू ढासळली. लिंबाखालची माणसं धावत काठावर आली. खाली धूळ, आणि धुळीतून शेठची किंकाळी. "वर घ्या! अरे, पाणी आलं! मला पोहता येत नाही!"

गड्यांनी दोर ओढला, तर तो सरसर वर आला. मोकळा! पडत्या दगडाच्या धारेनं तो मधेच कापला गेला होता. जेमतेम वीस हात उरला होता, तोही दगडांनी चेचून तुटायला आलेला.

आता काय करावं? दुसरा दोर आणायला गावात जायचं तर अर्धा कोस. खडक फुटून झरा असा उसळला होता की शेठच्या छातीला पाणी लागलं. ते फळीला मिठी मारून गटांगळ्या खात होते.

"थोमाचा दोर!" मरथा ओरडली, आणि स्वतःच देवळात धावली.

दोर आला. थोमानं त्याचं टोक रहाटाच्या खांबाला बांधलं, पीळ सरळ करून दोर सोडला. चाळीस हात. दोर संपला. खाली शेठचा हात वर आलेला दिसत होता. आणि हाताच्या बोटांपासून दोराच्या टोकापर्यंत मोकळी जागा. शेठ किती उसळ्या मारतील?

"पुरत नाही रे!" शेठचा आवाज फुटला. "थोमा, पुरत नाही!"

कुणी धोतर सोडू लागलं, कुणी लुगडं. भिजल्या कापडाची गाठ शेठच्या वजनाला टिकणार नाही, हे थोमाला कळत होतं. त्यानं काठावरच गुडघे टेकले. "प्रभू," तो पुटपुटला, "मला आखूड केलंस ते केलंस. पण माझ्या आखूडपणापायी माणूस मरू देऊ नकोस."

महाराज त्याच्याजवळ उभे होते. त्यांनी वीणा खाली ठेवली, डोळे मिटले, हात वर केले. "समुद्रावरून चालत गेलेल्या माझ्या राजा," ते म्हणाले, "तुझ्या लेकरानं होतं तेवढं दिलं आहे. उरलेलं तुझ्याकडं!"

आणि काय सांगावं त्या क्षणाचं! विहिरीच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज झाला आणि पाणी दुप्पट जोरानं वर चढू लागलं. बायका रडायला लागल्या. "बुडाले, शेठ बुडाले!"

महाराजांनी काठावरून वाकून हाक दिली, "आमोसराव, भिऊ नका! पाणी बुडवायला येत नाही, उचलायला येतंय. फळी सोडू नका!"

शेठनी फळी आवळून धरली. पाणी त्यांना घेऊन वर आलं. हात, दोन हात, पाच हात. जणू कुणी खालून तळहातावर धरून उचलावं! थोमाची नजर दोराच्या टोकावर खिळली होती. आठ हात. नऊ. शेठची बोटं टोकाला लागली. मग मूठ आवळली.

"मनगटाला गुंडाळा, शेठ! दोन येढे द्या!" थोमा ओरडला. आवाज एवढा खणखणीत की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

वीस माणसांनी दोर ओढला. तिपेडी दोर कुरकुरला, ताणला, पण एक धागा तुटला नाही. आमोसशेठ काठावर आले आणि उताणे पडून लहान मुलासारखे रडले.

थोमानं विहिरीत वाकून पाहिलं. पाणी थांबलं होतं. बरोबर तिथंच, चाळीस हातांवर, जिथं त्याचा दोर संपत होता.

शेठ उठले ते थेट महाराजांच्या पायांकडं. महाराज चटकन बाजूला झाले. "माझ्या नव्हे. ज्यानं उचललं त्याला वंदन करा. आणि ज्याला सकाळी दुखवलंत, त्याच्याकडं बघा."

शेठ थोमापुढं हात जोडून उभे राहिले. ओले कपडे, केसांत चिखल. "पाण्याला म्हणायचं ये बाबा वर, असं म्हणून मीच हसलो होतो. त्यानं ऐकलं रे. उद्याच पाथरवटाला बोलावतो. पाटीवरचं माझं नाव पुसून तुझं घालतो. म्हणजे तू मागं राहशील."

थोमा हसला. किती महिन्यांनी! "नाव नको, शेठ. पाटी पालथी घाला काठावर. पाणी वढताना बायांचे पाय घसरायचे न्हाईत."

पाटी त्याच संध्याकाळी पालथी पडली.

महाराजांनी थोमाला लिंबाखाली जवळ बसवलं. "अजून भीती वाटते?"

"सकाळपर्यंत वाटत हुती."

"दोर वळताना मागं मागं जातोस. वाट कुठं संपते ते दिसत नाही. तेव्हा भीत नाहीस?"

"तवा नजर खुंटावर असती, महाराज."

"मग तशीच ठेव, बाळा. ख्रिस्ताकडं तोंड करून जो मागं चालतो, तो कुठंही पोचला तरी घरीच पोचतो."

थोमानं तो उन्हाळा काढला, पावसाळाही काढला, आणि नाताळच्या आदल्या दिवशी शांतपणे डोळे मिटले. मंडळीनं त्याला गीत गात नेलं, आणि खांदा देणाऱ्यांत पहिले आमोसशेठ होते. चिंचखेड्याच्या त्या विहिरीला आजही चाळीस हातांचाच दोर लागतो.

पण भाविकहो, सणाच्या दुसऱ्या दिवसाची ती सकाळ डोळ्यांपुढं आणा. बाभळींखाली थोमा वाख कमरेला गुंडाळतोय. मरथा फिरकीपाशी बसणार, तोच मागून आवाज येतो, "वहिनी, आज तुम्ही बसा निवांत." फिरकी फिरवायची तर जमिनीलगत वाकूनच बसावं लागतं. पांढऱ्या धोतराची पर्वा न करता आमोसशेठ मातीत बसतात, कंबरेतून वाकतात आणि दांडा हातात घेतात.

"जमतंय का, थोमाभाऊ?"

"जरा हळू, शेठ. हां, अस्सं."

आणि थोमा, नजर खुंटावर ठेवून, एक एक पाऊल मागं जाऊ लागतो.